पट्टी हातात घ्या, पुस्तकही

फलटण तालुक्यातल्या बी.कॉम. आणि बी.ए. अर्थशास्त्राच्या मुलामुलींनो, आणि त्यांची फी भरणाऱ्या आईवडिलांनो,

‘पुस्तकी ज्ञान काय कामाचं, प्रॅक्टिकल पाहिजे,’ असं हल्ली जो तो सांगतो. हे अर्धंच खरं आहे.

घरी उसाचं बिल येत असेल तर ते एकदा नीट वाचा. 2024-25च्या हंगामाला केंद्राने 10.25 टक्के साखर उताऱ्यासाठी टनाला 3,400 रुपये एफआरपी, म्हणजे उसाचा किमान दर, ठरवली होती. खात्यावर पैसे येतात ते तोडणी-वाहतूक वजा होऊन. किती वजा झाले, उतारा किती धरला, ऊस गेल्यावर 14 दिवसांत पैसे जमा झाले का, हे वडिलांना विचारा. हे झालं प्रॅक्टिकल. पण तिथेच थांबलात तर वडिलांना ठाऊक असलेलंच तुम्हाला कळेल. पुढचे प्रश्न पुस्तकातले आहेत. सरकारने भावाला खालची मर्यादा घातली की कारखाना कसा वागतो, शेतकरी कसा वागतो? दोन कारखान्यांत 25 किलोमीटर हवाई अंतराची अट असली की तुमच्या उसाला गिऱ्हाइकं किती उरतात? एकाच खरेदीदाराच्या बाजाराचं प्रकरण आपण परीक्षेत ऑप्शनला टाकतो, आणि ऊस मात्र त्याच बाजारात घालतो.

कांद्याचंही तेच. लोणंदच्या लिलावात उभं राहिलं की आज भाव पडला एवढं दिसतं. गेल्या वर्षीचा चढा भाव बघून सगळ्यांनी लागण केली, आता सगळ्यांचा माल एकदम आला, हा उलगडा कॉबवेब सिद्धांत वाचल्यावर होतो.

पुस्तक आणि शेत या दोन्हींची सांगड अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळांनी घातली. ते केंब्रिजला शिकलेले. पुण्याच्या गोखले संस्थेतून त्यांनी आपल्याच जिल्ह्यातल्या वाई तालुक्यात शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली. ती 1940 साली छापली गेली. पुढे विठ्ठलराव विखे पाटलांच्या जोडीने प्रवरेचा सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तेव्हा त्याचं अध्यक्षपदही त्यांनी सांभाळलं. साताऱ्याच्या कॉमर्स कॉलेजला त्यांचं नाव आहे ते उगाच नव्हे.

आता नव्या शैक्षणिक धोरणात फील्ड प्रोजेक्ट आणि ऑन जॉब ट्रेनिंगला क्रेडिट आहेत. संधी चांगली आहे, पण झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रोजेक्टही मिळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. तो घेऊ नका. त्यापेक्षा घरातल्या किंवा शेजारच्या पाच वर्षांच्या पट्ट्या, म्हणजे माल विकल्यावर मिळणाऱ्या हिशेबाच्या चिठ्ठ्या, मांडा. हमाली, तोलाई, गाडीभाडं वेगळं काढा, आणि कोणत्या महिन्यात माल नेला तर हातात काय पडलं याचा तक्ता करा. मग धड्यातला आलेख त्याच्याशेजारी ठेवा. जुळला नाही तर का जुळला नाही, ते दोन पानांत लिहा. खरा अभ्यास तिथे होतो.

आईवडिलांनो, पिशवीत कोंबलेल्या जुन्या पट्ट्या फेकू नका, पोरांच्या हवाली करा. आणि शिक्षकांनो, ओळखीच्या दुकानाचा शिक्का मारून आणलेल्या प्रमाणपत्राला गुण देऊ नका. मूळ पट्टी मागा.