घरात खाणारी तोंडं सहा, टॅक्सच्या हिशेबात एकटा मालक



रिटर्नचा सीझन आला की दुकानदार हमखास विचारतात, "सर, घरात बायको, दोन मुलं, आई-वडील. सगळे माझ्यावर अवलंबून. रिटर्नमध्ये दाखवले तर टॅक्स किती कमी होईल?"

सरळ सांगतो, नुसतं दाखवून एक रुपयाही नाही. अमेरिकेत मुलामागे टॅक्समध्ये थेट सवलत असते, तिकडचे व्हिडिओ बघून आपला गोंधळ होतो. आपल्या आयकरात घरातली माणसं मोजत नाहीत. त्यांच्यावरचा ठराविक खर्च मोजतात, आणि तोही फक्त जुन्या रिजीममध्ये.

आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी जुन्या रिजीममध्ये काय मिळतं, ते बघा:

- मुलांची शाळा: दोन मुलांपर्यंतची ट्यूशन फी, ८०सी च्या दीड लाखात. डोनेशन आणि खासगी क्लासची फी यात येत नाही.
- आरोग्य विमा: ८०डी मध्ये स्वतः, बायको, मुलं मिळून २५,००० आणि आई-वडील ६० च्या पुढचे असतील तर आणखी ५०,०००. आई-वडील तुमच्यावर अवलंबून नसले तरी चालतं, पण सासू-सासरे चालत नाहीत. प्रीमियम रोखीत भरला तर सूट गेली.
- दिव्यांग व्यक्ती: अवलंबून असलेला जोडीदार, मुलगा-मुलगी, आई-वडील किंवा भाऊ-बहीण. ८०डीडी मध्ये ७५,०००, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००.

नव्या रिजीममध्ये हे तिन्ही नाही. दर कमी आहेत, आणि १२ लाखांपर्यंतच्या नफ्यावर टॅक्स शून्य. तुमचा नफा त्याच्या आत असेल तर विषय संपला, नवा रिजीम घ्या आणि धंद्याकडे बघा.

अडचण पुढे आहे. शेजारी-शेजारी दोन दुकानं समजा. दोघांचा नफा १५ लाख. एक मालक एकटा. दुसऱ्याच्या घरी म्हातारे आई-वडील आणि ८० टक्के अपंगत्व असलेला मुलगा. नव्या रिजीममध्ये दोघांचाही टॅक्स सेससकट १,०९,२००. दुसऱ्याने जुना रिजीम घेऊन वरच्या तिन्ही सवलती पूर्ण वापरल्या, म्हणजे साडेतीन लाख वजा केले, तरी टॅक्स येतो १,६३,८००. म्हणजे जुन्यात जावं तर ५४,६०० चा तोटा, आणि नव्यात राहावं तर पोरगा हिशेबातच नाही!

माझं मत स्पष्ट आहे. एलआयसी, शाळेची फी यांच्या सवलती गेल्या, ठीक आहे. पावत्यांची कटकट संपली, दर कमी झाले, हा सौदा मला मान्य आहे. पण दिव्यांग माणसाची सवलत नव्या रिजीममध्ये आलीच पाहिजे. ती काही बचतीची स्कीम नाही. त्या घराचा खर्च दर महिन्याला ठरलेला आहे, आणि बहुतेक वेळा घरातलं एक माणूस कमाई सोडून त्याच्याजवळ बसलेलं असतं. खोटेपणाची भीती म्हणाल तर इथे सरकारी दाखला लागतो. आणि नव्या रिजीममध्ये अपवाद नाहीतच असंही नाही. नोकरदाराला ७५,००० चं स्टँडर्ड डिडक्शन आहे, दिव्यांग कर्मचाऱ्याच्या प्रवास भत्त्याला सूट आहे. दुकानदाराला मात्र काहीच नाही. १,२५,००० ची वजावट दिली तर वरच्या उदाहरणात टॅक्स १९,५०० ने कमी होतो. सरकारला ही रक्कम किरकोळ आहे, त्या घरात काही महिन्यांची थेरपी निघते.

नियम बदलेपर्यंत आपण काय करायचं?

एक, सूट गेली म्हणून आई-वडिलांची पॉलिसी बंद करू नका. हे मी खूप ठिकाणी बघतोय. पॉलिसी हॉस्पिटलच्या बिलासाठी असते, टॅक्ससाठी नाही. एक मोठं ऑपरेशन दुकानाचं भांडवल खाऊन टाकतं. शिवाय २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी शून्य झालाय.

दोन, रिजीम बदलताना घाई नको. नोकरदार दरवर्षी बदलू शकतो, आपण नाही. जुन्यात जायला मुदतीच्या आत फॉर्म १०-आयईए भरावा लागतो. एकदा तिथून नव्यात परत आलात की धंद्याचं उत्पन्न असेपर्यंत जुन्याचं दार बंद. म्हणून दोन्हीकडचे आकडे सीएकडून कागदावर मांडून घ्या, मग सही करा.

तीन, घरी दिव्यांग माणूस असेल तर दाखला आणि यूडीआयडी कार्ड आजच काढून ठेवा. टॅक्सचं जाऊ द्या, इतर सरकारी योजनांनाही तेच लागतं.

आणि कोणी म्हणालं, "फी ची पावती मी आणून देतो, तुम्ही फक्त टाका," तर त्याला हात जोडा. नोटीस आली तर ती तुमच्या पॅनवर येते, त्याच्या नाही.