सर्सीची कैफियत

पुराणातील एखाद्या स्त्रीवर कोणी कादंबरी लिहिली, की ‘लेखिकेने तिला न्याय मिळवून दिला’ असा अभिप्राय अलीकडे इतक्या तत्परतेने दिला जातो, की वाचनालय सोडून आपण चुकून एखाद्या अपील कोर्टाच्या आवारात तर शिरलो नाही ना, अशी शंका यावी. गेल्या आठवड्यात हेच वाक्य निरनिराळ्या मुखांतून माझ्या कानी आले, आणि प्रत्येक वेळी फिर्यादी एकच: मॅडलिन मिलर या अमेरिकन लेखिकेची ‘सर्सी’. गाजणाऱ्या पुस्तकाचा गाजावाजा ओसरल्याखेरीज ते उघडावयाचे नाही, हा माझा शिरस्ता या सदराच्या वाचकांस ठाऊक आहे; त्यास अनुसरून २०१८ सालचे हे पुस्तक मी आता कोठे वाचून हातावेगळे केले.

हकीकत थोडक्यात अशी. सूर्यदेव हीलियसची ही उपेक्षित कन्या वनस्पतींच्या रसांनी रूपांतर घडविण्याची विद्या मिळविते, त्यापायी आयाया बेटावर हद्दपार होते, आणि ट्रॉयहून परतणारा ओडिसियस पुढे तेथे येऊन पोहोचतो. ‘ओडिसी’त तिची गोष्ट ओडिसियस सांगतो, येथे सारी जबानी तिचीच आहे.

आणि माझी तक्रार या जबानीविषयीच आहे. होमरची सर्सी ओडिसियसचा सोबती युरिलोकस याच्याबरोबर आलेल्या २२ खलाशांना आदराने आत बोलाविते, पनीर, सातू, मध व मद्य यांच्या मिश्रणात आपले औषध कालवून पाजते, छडी मारते आणि त्यांची डुकरे करून कोंडून घालते. असे का, ते कवी सांगत नाही, आणि त्या न सांगण्यातच तिचा सारा दरारा आहे. कादंबरीत मात्र एका गलबताचा कप्तान आधी तिच्यावर अत्याचार करतो आणि मगच ती छडी उचलते. प्रसंग अंगावर काटा आणणारा आहे, तो लिहिण्यात लेखिकेचे काही चुकले असेही माझ्याने म्हणवत नाही. परंतु जिच्या प्रत्येक कृत्याला सबळ कारण जोडलेले आहे, त्या देवतेविषयी सहानुभूती वाटते, भय वाटत नाही. ‘मृत्युंजय’ वाचून कर्णाचे वकीलपत्र घेऊन हिंडणारी आमची पिढी हे बोलण्यास फारशी लायक नाही, हे मला मान्य आहे.

याउलट जेथे लेखिकेने वकिली सोडली आहे, तेथे मी मनापासून तिचा चाहता झालो. मत्सराच्या भरात सर्सीने सुंदर सिलाची राक्षसी केली, ही कथा रोमन कवी ऑव्हिडची. ती येथे वगळलेली नाही, सौम्यही केलेली नाही. सिलाच्या तोंडी पडणाऱ्या प्रत्येक खलाशाचा हिशेब सर्सीच्या मनात चालू राहतो आणि त्या ओझ्यातून तिला शेवटपर्यंत सुटका नाही. एकट्या बेटावर मुळ्या खणण्याचे, वाटण्याचे, फसून पुन्हा वाटण्याचे वर्णनही असेच निर्मळ उतरले आहे.

हे सारे ताडून पाहावे म्हणून मी ‘ओडिसी’चा दहावा सर्ग पुन्हा काढला आणि सर्सी राहिली बाजूला, मी गुंतलो एल्पेनॉरमध्ये. हा ओडिसियसच्या टोळीतला सर्वांत लहान इसम, युद्धात फारसा शूर नव्हे आणि बुद्धीनेही बेताचाच. मद्य चढल्यावर गारव्यासाठी सर्सीच्या छपरावर जाऊन निजला, पहाटे पाताळाकडे निघण्याची गडबड ऐकून दचकून उठला, शिडीची आठवण राहिली नाही, पडला आणि मान मोडून मेला. दुसऱ्या कामाच्या घाईत सोबत्यांनी त्याला अंत्यविधीविना तसाच मागे सोडला. पाताळात ओडिसियसला प्रथम भेटतो तो याचाच आत्मा. आणि तो मागतो काय, तर माझ्या शस्त्रांसह मला दहन करा, समुद्रकाठी माती रचा आणि जिवंतपणी ज्या वल्ह्याने मी सोबत्यांबरोबर गलबत हाकले ते तिच्यावर रोवा. एवढ्यासाठी गलबत आयायाला परतते, आणि हे सारे विधिपूर्वक पार पडते. त्याच्या पडण्यात दैवी कोप नाही, शाप नाही, कोणाचा अपराध नाही. त्याच्या वतीने कैफियत मांडावी असे त्यात काहीच नाही, तरीही महाकवीने त्याच्यासाठी सवड काढली.

‘सर्सी’ जरूर वाचावी. रात्री हातातून सुटणार नाही असे ते पुस्तक आहे. वाचकांना माझी विनंती एवढीच, की ते संपल्यावर दहाव्या सर्गापासून बाराव्याच्या आरंभापर्यंत मूळ कथाही, मिळेल त्या भाषांतरात, एकदा नजरेखालून घालावी आणि आपला निकाल त्यानंतरच द्यावा.