चर्चमधला बाक आणि परिच्छेद ३

साखरखेर्ड्याहून कोल्हापूर-मिरज लांब, पण प्रश्न आपल्याच घरचा आहे. रेव्हरंड वाइल्डर १८५२ साली कोल्हापुरात आले. पुढे प्रेस्बिटेरियन मिशनने शाळा काढल्या. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत इस्पितळ उघडले. देवळाचे दार बंद असलेल्या गावकुसाबाहेरच्या कुटुंबांना चर्चमध्ये बाक मिळाला. पण धर्म बदलला म्हणून गावाने त्यांची जात विसरली काय?

१९५० च्या राष्ट्रपती आदेशाचा परिच्छेद ३ मात्र ख्रिस्ती दलिताला अनुसूचित जातीत धरत नाही. शिखांना १९५६ साली, आम्हा बौद्धांना १९९० साली न्याय मिळाला. धर्मांतरानंतरही जात पाठ सोडत नाही, हाच आमचा युक्तिवाद होता. तोच त्यांचा आहे. वाटा घटेल म्हणून गप्प बसायचे, की वाटा वाढवा म्हणून एकत्र लढायचे? बाबासाहेबांच्या अनुयायांनी ठरवावे!