नलिका सावरते, केशवाहिनी नाही

गेल्या पावसाळ्यात पन्नाशीचा एक शेतकरी ओपीडीत आला. दीड वर्षापूर्वी जुलाब-उलट्यांनी त्याच्या अंगातले पाणी आटले होते, बीपी पडले होते, क्रिएटिनिन ५.८ वर गेले होते. तीन डायलिसिस झाली आणि घरी जाताना आकडा १.१ वर आला. आता २.३, लघवीत प्रथिने, बीपी १६०. प्लास्टिकच्या पिशवीत जपलेले डिस्चार्ज कार्ड त्याने पुढे केले. त्यावर ‘पूर्ण बरा’ असा शेरा होता. अक्षर माझेच होते.

आपले लक्ष असते नलिकेकडे. रक्तपुरवठा तुटला की नलिकेच्या पेशी मरतात, उरलेल्या पसरतात, विभागतात, अस्तर पुन्हा धरते. लघवी सुटते, क्रिएटिनिन उतरते आणि आपण फाइल मिटतो. नलिकेभोवतीच्या केशवाहिन्यांचे काय झाले, हे त्या आकड्यात दिसत नाही. डेव्हिड बेसिल आणि सहकाऱ्यांनी २००१ साली ते उंदरांत पाहिले. रक्तप्रवाह थांबवून पुन्हा सुरू केला, मूत्रपिंडांचे काम सावरू दिले आणि मग रक्तवाहिन्यांत सिलिकॉन रबर भरून जाळे मोजले. बाह्य मेड्युलाच्या आतल्या पट्ट्यात एक तृतीयांश ते निम्म्यापर्यंत जाळे गायब होते. ४० आठवड्यांनंतरही ते परतले नव्हते.

तोटा नेमका तिथे होणे फार वाईट. हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा पाचवा हिस्सा मूत्रपिंडांना मिळतो खरा, पण तो बहुतेक कॉर्टेक्समध्येच खर्ची पडतो. मेड्युलात ऑक्सिजनचा दाब एरवीच १० ते २० मिलिमीटर. तशात हेन्लेच्या वेढ्याची जाड भुजा सोडियम उपसत राबत असते. उधारीवर चाललेल्या घरातला कमावता हातच गेला म्हणायचा.

ऑक्सिजन घटला की हिफ वाढते, हिफमुळे व्हीईजीएफ वाढते आणि नव्या वाहिन्या फुटतात, हे आपण २०१९ च्या नोबेलच्या निमित्ताने पुन्हा घोकले. रक्तपुरवठा तुटून जखमी झालेले मूत्रपिंड मात्र हा पाठ गिरवत नाही. तिथे व्हीईजीएफ उलट घटते आणि त्याला अडवणारे अडॅम्टीएस-१ वाढते. एंडोथेलियमच्या पेशी फारशा विभागत नाहीत. भरीस भर, केशवाहिनीला बिलगून असलेला पेरिसाइट तिला सोडून जातो आणि मायोफायब्रोब्लास्ट होऊन चट्टा विणू लागतो. वेलाखालची मेढ उपटावी आणि तीच कुंपणाला रोवावी, तसे. केशवाहिन्या झडणे आणि फायब्रोसिस हे दोन वेगळे आजार मानायची सवय आता सोडायला हवी.

मग व्हीईजीएफ टोचावे का? इजेनंतर लगेच दिल्यावर उंदरांत जाळे बऱ्यापैकी वाचले. पण पोडोसाइटमध्ये तेच व्हीईजीएफ अति झाल्यावर उंदरांचे ग्लोमेरुलस कोसळले, आणि बेव्हासिझुमॅबने ते दाबले की माणसांत काय होते ते आपण ऑन्कोलॉजीच्या वॉर्डातून आलेल्या रेफरल्समध्ये पाहतोच: प्रथिने, कधी थ्रॉम्बॉटिक मायक्रोअँजिओपथी. जास्तही चालत नाही, कमीही नाही, आणि चुकीच्या जागी तर मुळीच नाही. त्यात पेरिसाइटचा आधार नसलेली नवी वाहिनी गळकीच. डेसिडुस्टॅट २०२२ पासून आपल्याकडे ॲनिमियासाठी मिळते, मग एकेआयनंतर हिफ वाढवायला ते द्यावे का, असे तरुण सहकारी विचारतात. आजच्या पुराव्यावर माझे उत्तर ‘नको’ असेच आहे.

जाळे किती उरले हे सांगणारी रोजच्या वापरातली तपासणी आपल्या हातात नाही. तीन महिन्यांनी रुग्णाला पुन्हा पाहा, असे केडिगोने २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे. क्रिएटिनिन, लघवीतले अल्ब्युमिन, बीपी, आणि गुडघा दुखला की मेडिकलमधून परस्पर घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकची चौकशी. एवढ्याला दहा मिनिटे लागतात. अडते ते रुग्णाच्या येण्यावर. बरे वाटणारा माणूस मजुरी बुडवून कशाला येईल?

त्या शेतकऱ्यानंतर आम्ही कार्डावरून ‘पूर्ण बरा’ हे शब्द काढले. तिथे आता तीन महिन्यांनंतरची तारीख असते, आणि ती रुग्णाच्या तालुक्याच्या बाजाराच्या वाराला येईल अशी बघून टाकतो.