चहा गरम असतानाच

मैत्रिणींनो, खरं सांगा, आज सकाळचा चहा गरम असताना प्यायलात का? डबे भरा, दूध तापवा, मुलांची बस गाठा, या धांदलीत आपला कप ओट्यावर तसाच निवतो. मग तोच पुन्हा गरम करून उभ्याउभ्या घशाखाली ढकलायचा!

मागच्या महिन्यात पेन्शनच्या कागदांसाठी मला धोबी तलावाला जावं लागलं. बँक उघडायला अजून तास होता. निघाले होते उपाशीपोटी, त्यात पाय दुखायला लागलेले. मेट्रो सिनेमाजवळच कयानी आहे, १९०४ सालापासूनचं इराण्याचं हॉटेल. लाल चौकड्यांचे टेबलपोस, बाकदार पाठीच्या लाकडी खुर्च्या. हे असताना आम्ही कितीदा तिथं गेलो असू! पण एकटी? दारातच पाऊल अडखळलं. कुणी पाहिलं तर काय म्हणेल, ही भीती या वयातही सुटत नाही बघा.

जुन्या इराणी हॉटेलांतून बायकामुलांसाठी वेगळी ‘फॅमिली रूम’ असे. माझी आई तिथंही कधी वडिलांशिवाय गेली नाही. मी मात्र धीर करून सरळ बाहेरच्या टेबलाशी बसले आणि ब्रून मस्का नि चहा सांगितला. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही! शेजारी एक आजोबा पेपरात बुडालेले, पलीकडे कॉलेजच्या दोन मुली एक मावा केक वाटून खात होत्या. समोरची रिकामी खुर्ची पाहून पहिला घास जरा अडकला, नाही असं नाही. पण चहा मात्र शेवटच्या घोटापर्यंत गरम प्यायले. बँकेतल्या रांगेत त्या दिवशी माझी चिडचिड झाली नाही.

तेव्हा महिन्यातून एकदा तरी असं कराच. इराणी असो की उडपी, ऑफिसची गर्दी ओसरल्यावर जा. आधी भाव पाहा, मग मागवा. एक चहा, एक ब्रून सकाळपुरता पुरतो. ब्रून वरून कडक असतो, तेव्हा दात नाजूक असतील तर चहात बुडवून खा. साखर वर्ज्य असेल तर चहा सांगण्याआधीच विचारा. टेबलाशी दुसरं कुणी येऊन बसलं तर संकोचू नका, गर्दीच्या वेळी ती तिथली रीतच. पैशांसाठी भाजीतून उरलेली चिल्लर वेगळ्या डबीत टाकत जा.

येताना घरच्यांसाठी दोन ब्रून आणा. दुसऱ्या दिवशी ते चामट झाले तर वरून पाण्याचा हात फिरवून मंद आचेवर तव्यात शेका, पुन्हा कुरकुरीत होतात.

आणि हो, लपूनछपून जाऊ नका. “मी चहा प्यायला चालले आहे,” असं घरात सांगून निघा. एक दिवस डबे ज्याचे त्याने भरले तर काही बिघडत नाही!