पडद्यावरचा सौदा आणि मावशींचा फंड

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळीच शेजारच्या मावशी आमच्याकडे आल्या. त्यांचे यजमान परभणीच्या मोंढ्यात तीस वर्षे हमाली करून आता घरी बसले आहेत. फंडाचे २ लाख १० हजार रुपये हाती आले. त्यातून धाकट्या लेकीची नर्सिंगची फी भरायची, असे घरात ठरले होते. पण थोरल्या लेकाने ते पैसे मागितले.

"भाऊ, पोरगं म्हणतंय, बाजारात घेणाऱ्याचा जोर हाय का विकणाऱ्याचा, ते त्याला लॅपटॉपवर दिसतंय. मला तर नुसते हिरवे-तांबडे आकडे दिसत्यात. तुम्ही जरा येऊन बघा."

संध्याकाळी आम्ही गेलो. मुलगा गुणी आहे. बारावी झालेला, दिवसा मोबाईलच्या दुकानात कामाला. रात्री साडेअकरापर्यंत वायदे बाजार चालतो, तेव्हा तो कच्च्या तेलाच्या छोट्या वायद्यात सौदे करतो. आता त्याला निफ्टीच्या वायद्यात उतरायचे होते. तिथला एक सौदा नोव्हेंबर २०२४ पासूनच्या नियमाने किमान १५ लाखांचा धरला जातो आणि त्यासाठी दीड-दोन लाख आगाऊ ठेवावे लागतात. म्हणून फंडावर डोळा.

वाचकांपैकी अनेकांच्या घरी आज असा मुलगा आहे. म्हणून त्याने आम्हाला जे दाखवले, ते आधी नीट सांगतो. न समजता नावे ठेवणे बरे नव्हे.

मोंढ्यातले उदाहरण घ्या. सोयाबीनला व्यापारी ४,५०० देतो म्हणतो, शेतकरी ४,५२० मागतो. दोघे आपापल्या भावावर अडून बसले, तर सौदा होत नाही. एखाद्या शेतकऱ्याला दवाखान्याची घाई असते. तो म्हणतो, "घ्या ४,५०० ला." हा विक्रीचा जोर. उलट गाडी भरून पाठवायची घाई झालेला व्यापारी ४,५२० मोजतो. हा खरेदीचा जोर. प्रत्येक सौद्यात घेणारा एक आणि विकणारा एक असतोच. तेव्हा "घेणारे जास्त झाले" हे बोलणे तसे चूक आहे. घाई कोणाला होती, एवढाच प्रश्न असतो.

मुलाच्या आलेखात हीच घाई मोजलेली असते. त्याला ऑर्डर फ्लो किंवा फूटप्रिंट चार्ट म्हणतात. प्रत्येक भावासमोर दोन आकडे असतात. समजा १२० आणि ३४० असे आहेत. डावीकडचे १२० घाईने विकले गेले, उजवीकडचे ३४० घाईने घेतले गेले. फरक २२० चा, त्याला डेल्टा म्हणतात. दिवसभराचे फरक जोडत गेले, की जोर कुठल्या बाजूला आहे याची रेघ तयार होते.

इथवर सगळे खरे आहे. आम्ही मुलाला तसे म्हणालोही. मग आम्ही एक प्रश्न विचारला. "विक्रीचा जोर मोठा दिसतो आहे, पण भाव खाली जात नाही. मग काय समजायचे?"

तो म्हणाला, "काका, म्हणजे खाली कुणीतरी मोठा माणूस गपचूप माल उचलतोय. आता भाव वर जाणार."

"आणि त्या मोठ्या माणसाचे पोट भरले तर?"

"तर मग पडणार."

म्हणजे चित्र एक आणि अर्थ दोन. कोणता खरा, हे भाव हलल्यावरच कळते. मोंढ्यात निदान त्या मोठ्या व्यापाऱ्याचे तोंड तरी दिसते.

दुसरी गोष्ट. साध्या ॲपवर बाजारातला प्रत्येक सौदा येत नाही. ठरावीक क्षणांनी काढलेली छायाचित्रे येतात आणि मधल्या काळात झालेले अनेक सौदे एकत्र मिसळतात. त्यातली घाई कोणाची, हे सॉफ्टवेअर अंदाजाने ठरवते. सौद्यान् सौद्याची माहिती घेणारे लोक वेगळी किंमत मोजतात आणि त्यांचे यंत्र डोळा लवायच्या आत काम करते. सेबीच्या सप्टेंबर २०२४ च्या अभ्यासानुसार फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये विदेशी संस्थांच्या नफ्यापैकी ९७ टक्के नफा अशा यंत्रचलित सौद्यांतून आला होता.

तिसरी गोष्ट अधिक गंभीर. हा जोर मुद्दामही दाखवता येतो. लंडनच्या हाऊन्स्लो भागात आईवडिलांच्या घरात बसून सौदे करणाऱ्या नविंदर सिंग सराओ याने अमेरिकेच्या वायदे बाजारात विक्रीच्या मोठमोठ्या खोट्या मागण्या लावल्या आणि सौदा होण्याआधी काढून घेतल्या. ६ मे २०१० रोजी तो बाजार काही मिनिटांत कोसळला, त्यात त्याचाही हात होता असा आरोप झाला. २०१६ साली त्याने गुन्हा कबूल केला.

आपल्याकडचे पाहा. ३ जुलै २०२५ रोजी सेबीने जेन स्ट्रीट या परदेशी कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढून ४,८४३ कोटी रुपये अडकवले. सेबीचे म्हणणे असे की, १७ जानेवारी २०२४ रोजी सकाळी कंपनीने बँक निफ्टीतील शेअर आणि वायदे सुमारे ४,३७० कोटींना घेतले आणि दुपारी विकून टाकले. त्यात थोडा तोटा झाला, पण ऑप्शन्समध्ये सुमारे ७३५ कोटींचा नफा झाला. कंपनीने हे आरोप नाकारले आणि प्रकरण अपिलात नेले. निकाल काहीही लागो, आपण एवढेच पाहावे: त्या सकाळी आलेखात दिसलेली खरेदी खरीच होती. पण तिच्यामागचा हेतू कोणत्या आलेखात दिसणार होता?

मुलगा गप्प झाला. मग जे बोलला ते आमच्या जिव्हारी लागले. "काका, बाबांनी जन्मभर पोती उचलली. भाव दुसऱ्यानंच ठरवला. मी भाव वाचायला शिकलो, तर काय चुकलं? आपण पोतीच उचलायची का?"

नाही. अजिबात नाही. १९१७ साली बडोद्याहून मुंबईस परतल्यावर बाबासाहेबांनीही शेअरच्या व्यवहारात सल्ला देणारी पेढी काढली होती. ती बरी चालू लागली, पण सल्लागाराची जात कळताच गिऱ्हाईक आटले. १९१८ च्या नोव्हेंबरात ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक झाले. तेव्हा बाजार समजून घेणे हे आपले काम नव्हे, असे कोणी म्हणू नये. शिकलेच पाहिजे. प्रश्न शिकण्याचा नाही. शिकण्याची पाटी म्हणून बहिणीची फी वापरायची का, हा प्रश्न आहे.

आम्ही त्याला म्हणालो, "बाळा, आतापर्यंतचा हिशेब दाखव." तो म्हणाला, "८६ दिवसांत ४९ दिवस नफ्याचे." मावशींचा चेहरा उजळला. आम्ही ॲपमधून नफा-तोट्याचा पूर्ण तक्ता काढायला लावला. नफ्याचे दिवस मिळून १ लाख १२ हजार. तोट्याचे ३७ दिवस मिळून १ लाख ३४ हजार. दलाली आणि कर मिळून १९ हजार. म्हणजे ४१ हजारांचा खड्डा. शिवाय क्लास आणि सॉफ्टवेअरचे १८ हजार वेगळे. नफा लवकर खिशात टाकायचा आणि तोटा "आता फिरेल" म्हणून वाढू द्यायचा, हे त्या तक्त्यात स्पष्ट दिसत होते. त्याने ही बेरीज आजवर केलीच नव्हती.

तो एकटा नाही. सेबीच्या त्याच अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये १०० पैकी ९३ व्यक्ती तोट्यात होत्या. सगळ्यांचा मिळून तोटा १ लाख ८० हजार कोटींहून अधिक होता. खर्च वजा जाता १ लाखाहून अधिक नफा मिळवणारे १०० मध्ये एकच. आणि २०२३-२४ मध्ये सौदे करणाऱ्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक लोकांनी आपले वार्षिक उत्पन्न ५ लाखांच्या आत सांगितले होते. म्हणजे ही आपल्यासारखीच माणसे. पुढच्या वर्षी, २०२४-२५ मध्येही १०० पैकी ९१ तोट्यातच राहिले.

माता-भगिनींनो, घरातल्या मुलावर ओरडू नका. ओरडलात तर तो लपून करील. त्याच्याजवळ बसा आणि तीन गोष्टी मागा. पहिली, पूर्ण नफा-तोट्याचा तक्ता, दलाली आणि करासकट. दुसरी, क्लासवाल्याचा सेबीचा नोंदणी क्रमांक. तो खरा की खोटा, हे सेबीच्या यादीत पाहता येते. नुसते शिकवणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून शेअर दाखवायला सेबीने जानेवारी २०२५ मध्ये मनाई केली होती. तिसरी, पैसा कोणाचा आणि कशासाठी ठेवलेला, याचे उत्तर. फी, औषधपाणी, बचत गटाचे कर्ज आणि म्हातारपणाचा फंड, या चार पैशांना हात नाही म्हणजे नाही.

त्या रात्री मावशींनीच निकाल दिला. यजमान खाटेवर बसून सगळे ऐकत होते. मावशी लेकाला म्हणाल्या, "तुझं शिकणं चालू ठेव. पण वहीत. पैसे लावल्यासारखं रोज लिही. सहा महिन्यांनी खर्च धरून बेरीज मला दाखव. मला वाचता येत नसंल, तर तुझी बहीण वाचील."

परवा फी भरल्याची पावती त्यांनी आम्हाला आणून दाखवली. मुलाने शंभर पानी वही आणली आहे. पहिल्या आठवड्याची बेरीज तोट्याची आहे, पण ती त्याने खोडलेली नाही. आम्हाला तेवढे पुरे वाटले.