परका हेर आणि आपला न्याय

परक्या देशाच्या नागरिकावर हेरगिरीचा खटला चालविता येतो काय? येतो, आणि तो चालविण्याचा प्रत्येक राष्ट्रास हक्क आहे. देशद्रोहाचा आरोप सामान्यतः स्वकीयावर ठेवला जातो, कारण निष्ठेचे बंधन त्यास असते. हेरगिरीचे तसे नाही. आपला १९२३ चा सरकारी गुपितांचा कायदा ‘कोणतीही व्यक्ती’ असे म्हणतो. त्यात स्वकीय-परकीय हा भेद नाही. अमेरिकन वैमानिक गॅरी पॉवर्स यास सोव्हिएत रशियाने १९६० साली शिक्षा दिली, ती याच तत्त्वावर. सुटतो तो केवळ वकिलातीतील मुत्सद्दी. त्यास फार तर देशाबाहेर घालविता येते.

परंतु खटल्याचा हक्क म्हणजे मनमानीचा परवाना नव्हे. कुलभूषण जाधव यांना हेर ठरवून पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयाने २०१७ साली फाशी सुनावली. आपल्या वकिलातीस मात्र त्यांच्यापर्यंत पोहोचू दिले नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने २०१९ साली १५ विरुद्ध १ मतांनी हा १९६३ च्या व्हिएन्ना कराराचा भंग ठरविला. या निकालाचा आपणांस आनंद झाला. त्याने आपणांवर बंधनही घातले आहे. उद्या परका हेर आपल्या हाती लागला, तर त्यास त्याच्या वकिलातीशी संपर्क आणि बचावाची पुरी संधी मिळालीच पाहिजे. जाधवांसाठी मागितलेला न्याय शत्रूच्या माणसास नाकारणे आपणांस शोभणार नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे.